विहीणबाईंचं शून्य

परदेशात राहणाऱ्या आमच्या मुलाचं लग्न तिकडच्याच मुलीशी ठरलं तेव्हा सुनेच्या आईबद्दल आम्हाला दोनच गोष्टी कळल्या होत्या. त्या दातांच्या दवाखान्यात काम करतात ही एक, आणि तरुणपणी त्या आपल्या देशातर्फे गाण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत गायल्या होत्या ही दुसरी. पहिली गोष्ट मी लगेच विसरून गेलो. दुसरी मात्र डोक्यात घट्ट बसली. मी जन्मभर अंबडच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासण्याचं काम केलं, पण गाण्याचं वेड मला लहानपणापासूनचं. गणपतीत कॉलनीच्या कार्यक्रमात माझं एक गाणं ठरलेलं असायचं. त्यामुळे गाणारी विहीण मिळाली याचाच आनंद मला जास्त झाला. बायको तेव्हा म्हणाली होती, "मुलीचं बघा आधी. तिच्या आईच्या गाण्याचं काय करायचंय?"

लग्न तिकडेच झालं, आम्ही ते फोनवर पाहिलं. विहीणबाईंची प्रत्यक्ष भेट झाली ती नात झाल्यावर. सहा महिन्यांची पोर घेऊन मुलगा आणि सून डिसेंबरात नाशिकला यायचे होते, बारसं इथेच करायचं ठरलं होतं, आणि त्यांच्याबरोबर विहीणबाईही येणार होत्या.

ही बातमी मी सोसायटीच्या चेअरमनना खाली पार्किंगमध्ये उभ्या उभ्या सांगितली. एकच वाक्य बोललो मी, की आमच्या विहीणबाई त्यांच्या देशातर्फे परदेशात गायलेल्या आहेत. चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले, कार्यक्रम करायची भारी हौस असलेले गृहस्थ. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "भाऊ, हे तुम्ही इतके दिवस बोलला नाहीत?"

मुंबईच्या विमानतळावर मी गाडी घेऊन गेलो होतो. विहीणबाई उंच, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, हातात स्वतःची बॅग स्वतःच धरलेली. त्यांनी मला पहिल्याच वाक्यात नावाने हाक मारली. माझी बायकोसुद्धा मला नावाने हाक मारत नाही, त्यामुळे मी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. परतीच्या वाटेवर त्या पुढच्या सीटवर झोपून गेल्या. मागे मुलगाही पेंगत होता. सून जागी होती, मांडीवर बाळ. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी माझ्या कारखान्यातल्या इंग्रजीत विचारलं, की त्या स्पर्धेत तुमच्या देशाला किती वेळा पहिलं बक्षीस मिळालं?

सून हसली. मग कसारा घाट चढून इगतपुरीला चहा घेईपर्यंत तिने मला सगळा इतिहास सांगितला. आमच्याकडे लोकांना क्रिकेटचे जुने सामने आठवतात तसा तिला तो पाठ होता. त्यांचा देश उत्तरेकडचा, थंड, माणसं आपल्या जिल्ह्याएवढी. तिची आई जन्मायच्या आधीपासून ते या स्पर्धेत माणूस पाठवत आलेत. सुरुवातीची बरीच वर्षं कोट घातलेले पुरुष वाद्यवृंदापुढे उभे राहून गायचे आणि शेवटून पहिले यायचे. मग एक वर्ष ते जवळजवळ जिंकले होते, पण शेजारच्या देशाने गुण देताना हात आखडता घेतला. त्या रागावर काही वर्षं त्यांनी कोणालाच पाठवलं नाही. पुन्हा गेले ते पुन्हा तळाला. एकदा वैतागून त्यांनी विनोदी गाणं पाठवलं, तर ते गंभीर गाण्यांपेक्षा वर आलं. आणि मग एका वर्षी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, ते चक्क जिंकले. ज्या गाण्याला देशातल्याच लोकांनी नावं ठेवली होती, तेच जिंकलं. माणसं रात्रभर चौकात नाचली. त्यानंतर परत खाली.

मी तिला विचारलं की गुण कोण देतं. ती म्हणाली, बाकीचे देश. आपण आपल्याला देऊ शकत नाही का? नाही. मग जो देश आपल्याशी भांडलेला असेल तो कशाला देईल? ती म्हणाली, देतात कधीकधी. मी आपल्याकडचे शेजारी देश डोळ्यांपुढे आणून पाहिले आणि मला काही ते जमेना. आपली टीम पहिल्या फेरीत बाहेर पडली तर आठवडाभर घरात कोणी नीट बोलत नाही, आणि ही पोरगी साठ-पासष्ट वर्षांच्या पराभवाची कहाणी एखाद्या लाडक्या काकांच्या गमती सांगाव्यात तशी सांगत होती. एवढं हरून दरवर्षी का जातात, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते उद्धट वाटेल म्हणून मी गप्प बसलो. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. एवढ्या सगळ्या इतिहासात तिने आपल्या आईचं नाव कुठेच घेतलं नव्हतं. पुढे त्या झोपल्या होत्या, म्हणून असेल असं मला वाटलं.

बारशाच्या आदल्या दिवशी मुलगा भाजी घेऊन वर आला, पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि मला गॅलरीत घेऊन गेला. दार ओढून घेतलं.

"बाबा, खाली गेटवर काय लावलंय?"

मी वाकून पाहिलं. चेअरमननी द्वारका चौकाजवळच्या एका दुकानातून फ्लेक्स छापून आणला होता. मध्यभागी विहीणबाईंचा फोटो, माझ्याकडूनच त्यांनी मागून घेतलेला. वर मोठ्या अक्षरात 'आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या गायिका', खाली 'हार्दिक स्वागत व जाहीर सत्कार', आणि सर्वांत खाली सोसायटीच्या कमिटीचे झाडून सगळे चेहरे.

मी म्हटलं, "चांगला झालाय की."

"बाबा, त्यांना शून्य मिळालं होतं."

"शून्य म्हणजे?"

"शून्य म्हणजे शून्य. एकाही देशाने एकही गुण दिला नाही."

मग तो हळू आवाजात बोलत राहिला. तिकडे हे सगळ्यांना माहीत असतं. स्पर्धा जवळ आली की टीव्हीवर जुन्या गाण्यांचे तुकडे दाखवतात, त्यात देशाला शून्य मिळालेली गाणी एकापाठोपाठ एक लावतात, आणि निळ्या झग्यातल्या तरुण विहीणबाई दरवर्षी पाच-सात सेकंद दिसतात. मी विचारलं, त्या टीव्ही बंद करतात का? नाही, म्हणाला. बघतात. सगळ्यांबरोबर हसतातही. पण त्यानंतर त्या कधी गायल्या नाहीत. वाढदिवसाला सगळे गातात तेव्हा फक्त टाळ्या वाजवतात. बाळाला झोपवताना नुसतं थोपटतात. तू मला हे आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं, तर तो म्हणाला की तिकडे हे कोणी कोणाला सांगत नाही, कारण माहीत नसलेला माणूसच भेटत नाही.

मला काय वाटायला हवं तेच कळेना. देशाने निवडून पाठवलेली बाई, म्हणजे मान तर झालाच. शून्य मिळालं, म्हणजे अपमानही झाला. आता गेटवर फ्लेक्स आहे, उद्या बारशाला सोसायटीच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळ आहे, आणि हा तिला मान होईल की तिची थट्टा, हे मला काही केल्या ठरवता येईना. फ्लेक्स काढायला सांगावा तर कारण काय द्यायचं? राहू द्यावा तर एका खोट्या गोष्टीखाली मी त्या बाईला उभं करतोय.

बायको चांदवडकडची. नाशकात संसार होऊन इतकी वर्षं झाली तरी मनातलं बोलताना तिच्या तोंडी माहेरची भाषा येते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, सत्कार तिचा हाय. मग तिलाच विचारा की. तुम्ही दोघं गॅलरीत काय कुजबुजताय?"

विहीणबाई बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसून संत्रं सोलत होत्या. मी समोर जाऊन बसलो आणि विषय कसा काढावा याचा विचार करत होतो, तेवढ्यात त्यांनीच फोन उघडून माझ्यापुढे धरला. सकाळी फिरायला गेल्या तेव्हा त्यांनी फ्लेक्सपाशी उभं राहून स्वतःचा फोटो काढला होता. वर काय लिहिलंय, त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी संत्र्याची एक फोड मला दिली. "आणि शून्य?"

"ते लिहिलेलं नाही. लोकांना माहीत नाही."

"तुम्हाला?"

"मला आत्ता कळलं."

त्यांनी उरलेलं संत्रं सोलून संपवलं. रागावल्या असाव्यात असं मला वाटलं, पण चेहऱ्यावर राग दिसत नव्हता. मग म्हणाल्या, "उद्या तुम्ही त्यांना सांगा. सांगितलंत तर शाल मी घेईन. नाही सांगितलंत तर ती दुसऱ्याच कुणाची तरी शाल होईल."

मी हो म्हणून उठलो. पण माइकवर उभं राहून, सत्काराच्या वेळी, सत्कारमूर्तीला शून्य मिळालं होतं असं सांगायचं कसं? मी ते वाक्य मनात घोळवत राहिलो. 'त्यांना अपेक्षित यश लाभलं नाही' असं म्हटलं तर शोभून दिसेल, आणि विहीणबाईंना मराठी कुठे कळतंय, असाही विचार आला. पण सुनेला मुलाने दहापर्यंत अंक शिकवले होते, आणि ती मोजायला सुरुवात शून्यापासून करायची. त्या शब्दाची ती वाट बघत बसणार हे नक्की होतं.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. पाळणा फुलांनी सजवला होता. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटून झाल्या. मग चेअरमन उठले. साता समुद्रापलीकडची गानकोकिळा आपल्या सोसायटीत आली, हे आपलं भाग्य, असं काय काय बोलले. विहीणबाई बायकोने नेसवलेल्या साडीत ताठ बसल्या होत्या. बोलून झाल्यावर चेअरमननी माइक माझ्याकडे दिला.

मी सांगितलं. तरुण वयात त्यांच्या देशाने त्यांना निवडलं. त्या मोठ्या स्टेजवर गेल्या, आपल्या भाषेत गायल्या. कितीतरी देशांनी ऐकलं. आणि त्यांना शून्य गुण मिळाले. हे आपल्याला सांगावं अशी त्यांचीच इच्छा होती, म्हणून सांगतोय.

पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई शेजारणीला मोठ्यांदा म्हणाल्या, "पण देशाने पाठवलं होतं ना तिला?" शेजारीण म्हणाली, पाठवलं होतं. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. बाकीच्यांचं मात्र झालं नाही. चेअरमननी माइक परत घेतला आणि म्हणाले की यात निश्चितच राजकारण झालेलं असणार. कलाकारावर असा अन्याय आपल्याकडेही होतो. लोकांनी माना डोलावल्या. मागून कोणीतरी म्हणालं, परीक्षक फोडले असतील. बघता बघता सगळा हॉल विहीणबाईंच्या बाजूने चिडला. बऱ्याच वर्षांपूर्वी, कुठल्या तरी दूरच्या गावात झालेल्या एका निकालाबद्दल आमची सोसायटी नाशिकमध्ये संतापली होती.

विहीणबाईंनी मला खुणेने विचारलं, काय म्हणताहेत?

मी म्हणालो, ते म्हणताहेत तुमच्यावर अन्याय झाला.

त्या जोरात मान हलवत म्हणाल्या, "नाही, नाही. गाणं फारसं चांगलं नव्हतं. आणि दुसऱ्या कडव्यात माझा सूर गेला. त्यांना सांगा."

आता हे सांगावं की नाही? मी मुलाकडे पाहिलं. तो बुटांकडे पाहत होता. मी सांगितलं. लोकांचे चेहरे असे झाले, जणू ज्याची बाजू घेऊन भांडायला उठावं त्यानेच खाली बसवावं. चेअरमननी घाईघाईने विहीणबाईंना शाल पांघरली आणि नारळ हातात दिला. टाळ्या वाजल्या, पण एकदम नाही, थोड्या इथून, थोड्या तिथून. कोणा बाईने एक गाणं होऊन जाऊ दे म्हटलं. विहीणबाईंनी हात जोडले आणि नाही म्हणाल्या. त्या नाहीला काही पळवाट नव्हती. मग बायको उठली, पेढ्यांचा डबा घेऊन तिने पहिल्या रांगेपासून वाटायला सुरुवात केली, आणि तोंडं गोड करताना लोकांना पुन्हा बोलायला सुचू लागलं.

मला वाटलं होतं की घरी आल्यावर विहीणबाई काहीतरी बोलतील. त्या शाल घडी करून कपाटात ठेवून आल्या आणि बाळाला खेळवत बसल्या. झालं ते बरं झालं की वाईट, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

दोन-चार दिवसांनी सकाळी मी दूध घेऊन आलो. दार लोटलेलं होतं. चपला काढत असताना स्वयंपाकघरातून बायकोचं गाणं ऐकू आलं. ती कणीक मळताना गाते. तिला सुराचा पत्ता नाही, आणि त्याचं तिला काही वाटतही नाही. मी इतकी वर्षं तिला त्यावरून हसत आलोय. तिचं गाणं अर्ध्यात थांबलं आणि दुसराच आवाज सुरू झाला.

मी तिथेच उभा राहिलो, एक चप्पल पायात. आवाज जाडसर, वयाने थोडा फाटलेला. गाणं सावकाश सुरू झालं, खालच्या पट्टीत, आणि मग अचानक वर चढलं. शब्द कळायचा प्रश्नच नव्हता. हेच ते गाणं, हे मला कोणी न सांगता समजलं. मी कान देऊन ऐकत होतो. यंत्राचा सुटा भाग बरोबर आहे की नाकारायचा, हे ठरवण्यात माझी सगळी नोकरी गेली. आता तर मला हे गाणं चांगलं आहे की नाही एवढंच ठरवायचं होतं, आणि मला ते जमत नव्हतं. वर चढताना एके ठिकाणी सूर हलल्यासारखा वाटला. तोच तो सूर, की गाण्याची चालच तशी होती? पुढच्या वेळी तिथे आलं तेव्हाही तो तसाच हलला, आणि मला तो आवडला. मग वाटलं, आपल्याला गोष्ट माहीत आहे म्हणून आवडतोय. नुसता आवाज ऐकला असता तर आपण किती गुण दिले असते? मी मनात आकडा धरायचा प्रयत्न केला. तो ठरेना.

गाणं संपलं. बायको काहीतरी म्हणाली, दोघी हसल्या. मी दरवाजा वाजवून, आत्ताच आल्यासारखा आत गेलो. विहीणबाई लाटणं हातात धरून वाकडी पोळी लाटत होत्या. त्यांनी मला गुड मॉर्निंग म्हटलं.

दुपारी बायकोला एकटीला गाठून मी विचारलं, कसं होतं गाणं? ती म्हणाली, "मला लय आवडलं. पण ती माझी विहीण हाय, मला आवडणारच."

"पण हॉलमध्ये एवढे लोक मागत होते तेव्हा नाही गायल्या. मग तुझ्यापुढे कशा गायल्या?"

"काय माहीत. मी कणीक मळत होते, ती गायला लागली."

"गाण्यात काय होतं?"

"मी नाय विचारलं," बायको म्हणाली, आणि मी असं विचारतोय याचंच तिला नवल वाटलं.

मंडळी परत गेली. मे महिन्यात मुलाने निरोप पाठवला की या शनिवारी स्पर्धा आहे. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र असते, म्हणून त्याने पूर्ण कार्यक्रम रविवारी सकाळी बघता येईल अशी सोय करून दिली. बायको गच्चीवर कुरडया घालून खाली आली आणि माझ्या शेजारी बसली. आम्ही दोघांनी पहिल्यांदाच ती स्पर्धा पाहिली. धूर, आग, पाण्याचे पडदे, आणि मध्येच कुठेतरी गाणं. विहीणबाईंच्या देशाचा गायक एक दाढीवाला तरुण होता. तो उंच शिडीवर बसून गायला. का, ते कळलं नाही. बायको म्हणाली, पडेल तो. गाणं मला बरं वाटलं. मग गुणांचा भाग सुरू झाला. एकेक देशाचा माणूस पडद्यावर येऊन हसत हसत आकडे सांगू लागला, आणि आमचा पोरगा खालीच राहिला. मी 'आमचा' म्हणतोय हे माझ्या उशिरा लक्षात आलं. कुठल्या कुठल्या देशांवर मी चिडलो, त्यातले काही नकाशात कुठे आहेत तेही मला ठाऊक नाही. शेवटी तो शेवटून दुसरा आला.

तेवढ्यात तिकडून व्हिडिओ कॉल आला. त्यांची खोली फुगे आणि कागदी झेंड्यांनी भरलेली होती, कोणी आवरायच्या फंदात पडलेलं नव्हतं. सगळे हसत होते. सांत्वन करायचं की अभिनंदन, मला ठरवायला वेळच मिळाला नाही, आणि तोंडातून अभिनंदन निघून गेलं. तिकडे मुलगा आणि सून एकमेकांकडे बघू लागले. माझं चुकलं असं मला वाटलं. मग विहीणबाई पुढे आल्या आणि अगदी मनापासून थँक्यू म्हणाल्या.

मी विचारलं, "शेवटी आलेल्या पोरीचं काय? तिला फार वाईट वाटलं असेल."

"तिला थोडे गुण मिळाले," त्या म्हणाल्या. "यंदा शून्य कोणालाच नाही."

हे त्या ज्या आवाजात म्हणाल्या, तो आनंदाचा होता की त्यात कुठेतरी किंचित निराशा होती, हे मला अजून सांगता येत नाही. मी मुलाला नंतर विचारलं, तर तो म्हणाला, तुम्ही फार विचार करता. सुनेला विचारलं, तर ती म्हणाली की तिलाही ते दरवर्षी कळत नाही.

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. तिला बाळाचा नवा दात बघायचा होता. ती मराठीत विचारत होती, विहीणबाई त्यांच्या भाषेत उत्तर देत होत्या, आणि बाळाचा ओठ बोटाने वर करून दात दाखवत होत्या. दोघींचं बरंच लांबेल असं दिसलं, म्हणून मी कुरडया उलटायला गच्चीवर गेलो.